हेच, हेही आणि तीन पायऱ्या

अकरा वर्षं मी ज्या कार्यालयात कामानिमित्त जात होतो, त्याच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की दार रस्त्याच्या पातळीलाच आहे. मग एकदा घोटा मोडला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं, दोन काखांत दोन कुबड्या आल्या, आणि त्या दारासमोर जाऊन उभा राहिलो तर या तीन पायऱ्या. कठडा नाही. पहिली जरा जास्तच उंच, मधली कडेला झिजलेली, तिसरीवर पायपुसणं, तेही सरकणारं. आधी कुबडी टेकायची की आधी धड पाय उचलायचा, याचा हिशेब मी करत होतो, तेवढ्यात दारावरचा पहारेकरी धावत आला.

"साहेब, तुम्ही मागच्या दारानं या. तिथं उतार आहे. सामान नेतो ना आम्ही तिथनं."

सामान जातं त्या दारानं मी आत गेलो.

हा किस्सा पुढं एका मित्राला सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेवटी काय रे, ज्याचा त्याचा दृष्टिकोन." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गप्पा कुठंतरी थांबवाव्या लागतात, तशा त्यानं थांबवल्या. पण ते वाक्य मला खटकलं ते आजवर खटकतंच आहे. कारण त्या पायऱ्या माझ्या दृष्टिकोनात नव्हत्या, दाराशी होत्या. अकरा वर्षं होत्या. धडधाकट पायांना त्या जाणवत नव्हत्या, एवढंच. प्लास्टरनं मला नवं मत दिलं नव्हतं. एक माहिती दिली होती, जी मला आधीच असायला हवी होती, आणि पहारेकऱ्याला होती.

माझी तक्रार आहे ती 'दृष्टिकोन' या शब्दाच्या अशा वापराबद्दल. दोन माणसांची राजकारणावर, समाजावर, घरातल्या कामावर मतं जुळत नाहीत, आवाज चढतो, आणि मग तिसरा कुणीतरी हा शब्द पाण्यासारखा ओततो. आग विझते. पण विझते म्हणजे काय होतं? दोघं आपापल्या जागी तसेच बसलेले असतात, फक्त गप्प झालेले. दुसऱ्याला तिथून काय दिसतं, ते मला इथून का दिसत नाही, आणि त्याला जे दिसतंय ते खरोखर तिथं आहे का, हे विचारायची वेळ आलेली असते नेमकी तेव्हाच आपण विषय बदलतो.

मराठीत या भांडणाची दोन्ही टोकं दोन इवल्याशा अव्ययांत मावतात, 'च' आणि 'ही'. 'हेच खरं' म्हणणारा माणूस लांबून ओळखू येतो आणि त्याच्याबद्दल सावध कसं राहायचं हे आपण लहानपणीच शिकतो. 'हेही खरं, तेही खरं' म्हणणारा मात्र समंजस ठरतो. माझा राग या दुसऱ्यावर अधिक आहे. 'हेच' म्हणणाऱ्याशी निदान भांडता येतं. त्यानं काहीतरी ठाम सांगितलेलं असतं, ते तपासता येतं. 'हेही' म्हणणारा हातातून निसटतो. त्यानं दोघांचंही ऐकलेलं नसतं, कारण दोघंही बरोबरच आहेत हे त्याचं आधीच ठरलेलं असतं.

गंमत म्हणजे या 'हेही'ला आधार म्हणून अनेकदा जैनांचा अनेकान्तवाद, म्हणजे प्रत्येक वस्तूला अनेक बाजू असतात असं सांगणारा विचार, पुढं केला जातो. बिचाऱ्या अनेकान्तवादावर हा अन्याय आहे. बाराव्या शतकातल्या आचार्य हेमचंद्रांनी एका श्लोकात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत (पायऱ्या हा माझा शब्द, त्यांचा नव्हे): 'सदेव', 'सत्' आणि 'स्यात् सत्'. आहेच, आहे, आणि अमुक अपेक्षेनं, म्हणजे अमुक बाजूनं पाहता, आहे. पहिलं म्हणणं दुर्नय, म्हणजे वाट चुकलेली दृष्टी, कारण त्यातला 'एव', आपला 'च', बाकी सगळ्या बाजू पुसून टाकतो. दुसरं म्हणणं नय, एका बाजूनं पाहिलेलं, अपुरं पण प्रामाणिक. आणि तिसरं प्रमाण, म्हणजे पुरतं, भरवशाचं ज्ञान. आता या तिसऱ्यात 'सगळं सारखंच खरं' असं कुठंही म्हटलेलं नाही. उलट बोलणाऱ्यावर एक जबाबदारी टाकली आहे: कुठल्या अपेक्षेनं, ते सांग. तुझी जागा सांग. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. असलंच तर ते आपल्या विधानाचा पत्ता लिहिणं आहे.

याच संदर्भात हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतात. ती इतक्यांदा ऐकली आहे की तिच्याकडे नीट पाहायचं राहूनच जातं. पाय चाचपणारा म्हणतो हत्ती खांबासारखा, शेपूट धरणारा म्हणतो दोरासारखा, आणि मग तात्पर्य काय, तर सगळे आपापल्या परीनं बरोबर. नाही हो. 'माझ्या हाताला खांबासारखं काहीतरी लागतंय' हे बरोबर. 'हत्ती म्हणजे खांब' हे चूक. 'मला लागलं' इथून 'तो आहे' इथं मारलेली उडी चूक. आणि मला त्या गोष्टीत सगळ्यात नवल कशाचं वाटतं तर त्या मंडळींनी भांडण्यात एवढा वेळ घालवला, पण एकानंही पाय सोडून चार पावलं सोंडेकडे टाकली नाहीत. हात तर सगळ्यांना होते.

आपण किती वेगळं पाहतो, याचा एक नमुना मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हमखास शिकवतात. २४ नोव्हेंबर १९५१ला अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमाउथ या दोन विद्यापीठांत त्यांच्या पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. सामना धसमुसळा झाला. प्रिन्स्टनचा सगळ्यांत नावाजलेला खेळाडू डिक काझमायर नाक मोडून बाहेर गेला. पुढं डार्टमाउथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टन जिंकलं, पण त्यानंतर दोन्हीकडच्या विद्यार्थी-वृत्तपत्रांत एकमेकांवर चिखलफेक सुरू झाली. अल्बर्ट हॅस्टॉर्फ हे डार्टमाउथचे आणि हॅडली कॅन्ट्रिल हे प्रिन्स्टनचे. या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची एकच फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमाउथच्या संघानं किती वेळा नियम मोडले? डार्टमाउथच्या विद्यार्थ्यांनी सरासरी चारपेक्षा थोडे जास्त मोजले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ दहा. फिल्म तीच, प्रश्न तोच, आकडा दुपटीहून जास्त.

त्यांच्या १९५४च्या निबंधात एक किस्सा येतो तो मला या आकड्यांपेक्षाही बोलका वाटतो. दूरच्या शहरातल्या डार्टमाउथच्या माजी विद्यार्थ्यांनी ही फिल्म दाखवण्यासाठी मागवली होती. त्यांच्यातल्या एकानं ती आधी स्वतः पाहिली. डार्टमाउथनं केलेल्या आडदांडपणाबद्दल एवढं कानावर आलेलं, आणि पडद्यावर तर त्याला काहीच दिसेना. त्यानं तार केली: महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, राहिलेला तुकडा विमानटपालानं पाठवा, जोडायची सोय आमच्याकडे आहे. एकही तुकडा कापलेला नव्हता. या माणसाला मी हसू शकत नाही. त्यानं खोटं पाहिलं नव्हतं. जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही तेव्हा त्याला फिल्मची शंका आली, डोळ्यांची नाही. तुम्हाला-मला तरी कधी आली आहे?

पण त्या दोघा संशोधकांनी यातून जो निष्कर्ष काढला तिथं माझं त्यांच्याशी पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की 'सामना' म्हणून बाहेर स्वतंत्रपणे असलेली आणि लोक फक्त पाहतात अशी काही वस्तूच नाही. प्रत्येकाचा सामना त्याच्या त्याच्या अनुभवात घडतो. मानसशास्त्राचं विधान म्हणून ठीक आहे. पण ज्याचा पाय मोडला त्याला जाऊन हे सांगून बघा. हाड मोडलं ते कुणाच्या अनुभवात मोडलं नव्हतं, मैदानावर मोडलं होतं, आणि ते जोडायला डॉक्टरला प्रिन्स्टनचा की डार्टमाउथचा हे ठरवावं लागलं नाही. नियमभंगांचा खरा आकडा चार होता की दहा, हे दोन्ही गटांच्या डोळ्यांनी ठरणार नाही हे मान्य. म्हणून असा आकडा नव्हताच असं होत नाही. फिल्म थांबवून, मागं नेऊन, दोन्हीकडच्या चारचार जणांना शेजारी बसवून, 'या क्षणी तुला इथं काय दिसलं?' असं एकेक दृश्य विचारत गेलं असतं, तर दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकले असते असं माझं मत आहे. पूर्ण जुळले नसते. पण उरलेला वाद नेमका कुठल्या दृश्यांवर आहे ते तरी समजलं असतं.

हा प्रयोग घरी करता येतो, आणि फिल्म लागत नाही. कॅनडातल्या मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या दोघांनी १९७९ साली जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. बहुतेक कामांत नवरा-बायकोच्या उत्तरांची बेरीज शंभराच्या वर गेली. यात फुशारकी असेल असं आपण म्हणू. पण भांडण उकरून काढण्यासारख्या वाईट गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्त सांगितला होता. म्हणजे मामला नुसत्या बढाईचा नाही. आपण केलेलं आपल्याला सहज आठवतं. दुसऱ्यानं केलेलं, बऱ्याचदा आपल्या पाठीमागं केलेलं, आठवायला आधी ते दिसलेलं असावं लागतं.

हे वाचल्यावर एका रविवारी मी दोन चिठ्ठ्या फाडल्या. एकीवर मी माझा आकडा लिहिला, दुसरीवर बायकोनं तिचा. माझे पन्नास, तिचे ऐंशी.

"एकशेतीस," मी म्हणालो. "वरचे तीस टक्के काम कोण करून जातं?"

"तू पन्नासात काय काय धरलंस ते सांग आधी."

मी यादी सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आणि दिवा गेला की बदलतोस. पण तो जाणार आहे हे आधी कोण बघतं? नवा आणून कोण ठेवतं?"

पुढचा पाऊण तास ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. आईचं औषध कधी संपतंय हे लक्षात ठेवणं. मुलाचे बूट लहान होत आलेत हे तो म्हणायच्या आत ओळखणं. कुणाचा वाढदिवस, कुणाची तपासणी, कुठल्या कागदाची मुदत. यातलं एकही काम माझ्या लेखी काम नव्हतं, कारण ते होताना दिसत नाही; न झालं तरच दिसतं. तिच्या ऐंशीतले दहा-बारा मी नंतर वाद घालून उतरवले, कारण माझीही दोन-तीन कामं तिला खरंच माहीत नव्हती, आणि तिनं ते मान्य केलं. समजा आम्ही त्या दिवशी 'तुझा दृष्टिकोन वेगळा, माझा वेगळा' म्हणून उठलो असतो, किंवा सरासरी काढून मोकळे झालो असतो, तर? दिवा मग कुणी आणून ठेवला असता ते उघड आहे.

घरात निदान दोन चिठ्ठ्या समोरासमोर येतात. राजकारणात तेही कठीण. तिथं आपली जागा आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की ती जागा आहे हेच विसरायला होतं. खरं तर राजकारणातले सगळ्यांत वापरले जाणारे दोन शब्द, डावे आणि उजवे, हे शब्दशः बसायच्या जागेवरून आले आहेत. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रसभेत राजाला नकाराधिकार असावा की नाही यावर वाद चालला होता. असावा म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसू लागले, विरोध करणारे डाव्या हाताला. म्हणजे हे डावं-उजवंसुद्धा अध्यक्षांच्या खुर्चीवरून. दारातून आत येणाऱ्याला ते नेमकं उलटं दिसलं असणार. त्या एका प्रश्नापुरती ती सोयीची मांडणी होती. आज आपण कर, शिक्षण, धर्म, पर्यावरण, परराष्ट्रधोरण, सगळं त्याच दोन बाकांवर कोंबतो, आणि माणूस कुठल्या बाकावर बसतो हे कळलं की त्याचं पुढचं बोलणं ऐकायची गरज उरली नाही असं समजतो.

बाक ठरला की धोरणही त्यावरून ठरतं, याचा दाखला २००३ साली जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञानं दिला. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांपुढं सरकारी मदतीच्या योजना ठेवल्या, एक सढळ हाताची, एक कडक. 'हिला तुमच्या पक्षाचा पाठिंबा आहे' एवढं सांगितलं की उदारमतवादी कडक योजनेला हो म्हणत होते आणि परंपरावादी सढळ योजनेला. योजनेत काय आहे हे जवळजवळ बिनमहत्त्वाचं ठरलं. तरीही विचारल्यावर त्यांनी सांगितलं की आम्ही योजनेचा मजकूर वाचून ठरवलं. पक्षाकडे पाहून ठरवतात ते बाकीचे, विशेषतः समोरचे. मला यात ढोंग दिसत नाही. त्यांनी कारणं खरोखरच शोधली असणार, आणि शोधणाऱ्याला कारणं मिळतातच.

नुसत्या शब्दांनी जागा कशी हलते तेही पाहण्यासारखं आहे. १९८१ साली टव्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी ६०० जणांचा जीव घेऊ शकणाऱ्या एका काल्पनिक साथीचा प्रश्न लोकांपुढं ठेवला. एका गटाला सांगितलं, पहिल्या उपायानं २०० जण नक्की वाचतील. दुसऱ्यात जुगार आहे. ७२ टक्के लोकांनी नक्की वाचवणारा उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय असा सांगितला की ४०० जण नक्की मरतील. आता ७८ टक्के जुगाराकडे वळले. सहाशेतून दोनशे वाचले काय आणि चारशे गेले काय, हिशेब एकच. आकडा कुठल्या बाजूनं दाखवायचा हे ज्याच्या हातात असतं त्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही, आणि सत्तेत बसलेल्या, बसू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे पक्कं ठाऊक असतं.

इथवर मी सगळ्या जागा सारख्या असल्यासारखं बोलत आलो. तशा त्या नसतात. काही जागांवरून दिसलेलं कायदा होतं आणि काही जागांवरून दिसलेलं 'तक्रार' म्हणून दप्तरी पडतं. स्वित्झर्लंडसारख्या लोकशाहीचा अभिमान बाळगणाऱ्या देशात स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यावं का, हे १९५९ साली सार्वमतानं ठरवलं गेलं. मतदान अर्थातच फक्त पुरुषांचं. सुमारे ६७ टक्के पुरुष नाही म्हणाले. १९७१ साली जवळपास तेवढेच टक्के हो म्हणाले. त्यातही आपेनझेल इनररोडन या छोट्या कॅन्टनमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, पुरुषांनी स्थानिक बाबतीत १९९० पर्यंत नकार टिकवला. शेवटी त्याच वर्षी संघीय न्यायालयाला निकाल देऊन तो मोडावा लागला. या पुरुषांना दुष्ट ठरवणं सोपं आहे. बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटत असेल की सगळं सुरळीत चाललं आहे. चाललंच होतं, त्यांच्या बाजूनं. त्यांच्याही दाराशी पायऱ्या नव्हत्या.

मात्र एक गोष्ट सोयीसाठी लपवून चालणार नाही. स्त्रियांना मताधिकार नको म्हणणाऱ्या संघटित स्त्रियाही स्वित्झर्लंडमध्ये होत्या. म्हणजे जागा कळली की मत कळलं, असं होत नाही. 'तू अमुक जातीचा, अमुक वर्गाचा, अमुक लिंगाचा, म्हणून तू असंच बोलणार' हे वाक्य मला 'ज्याचा त्याचा दृष्टिकोन'चंच सावत्र भावंड वाटतं. दोन्हींत समोरच्याचं म्हणणं न ऐकता निकालात काढायची सोय आहे. एकात गोड बोलून, दुसऱ्यात हिणवून. विशिष्ट जागी उभं राहिल्यानं काही गोष्टी लवकर दिसतात, स्वस्तात दिसतात, एवढंच म्हणता येईल. पायऱ्या कुबडीवाल्याला दिसतात. त्यावर उपाय काय करावा याबद्दल दोन कुबडीवाल्यांचं भांडण होऊ शकतं, आणि व्हावंही.

अशी दिसलेली गोष्ट खरी मानली की काय होतं, याचं एक साधं उदाहरण पदपथाच्या कडेचा उतार. अमेरिकेत बर्कली शहरात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चाकाच्या खुर्चीवरच्या तरुणांनी लढून चौकाचौकांत पदपथाची कड उतरती करून घेतली. मूठभर लोकांची सोय म्हणून तिच्याकडे पाहिलं गेलं. आज त्या उतारावरून सगळ्यांत जास्त कोण जातं? बाळाची गाडी ढकलणारे, चाकांची बॅग ओढणारे, हातगाडीवर खोकी लादून नेणारे, गुडघे दुखणारे आजोबा. कड सगळ्यांनाच अडत होती. त्रास सहन करण्याइतके सशक्त होते म्हणून बाकीचे काही बोलले नव्हते.

आता उलट बाजू, कारण 'दृष्टिकोन' या शब्दाचा सगळ्यांत धूर्त वापर दुबळ्यांनी केलेला नाही. धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो असं अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९६४ साली अधिकृत अहवालात म्हटलं. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६९ साली, एका तंबाखू कंपनीच्या अंतर्गत टिपणात एक वाक्य लिहिलं गेलं, पुढं ते जगजाहीर झालं: शंका हाच आपला माल आहे. कंपन्यांना वाद जिंकायचाच नव्हता. 'याबद्दल दोन मतं आहेत' एवढं लोकांच्या मनात राहिलं की त्यांचं काम झालं. आणि दोन मतं आहेत म्हटलं की सभ्य माणूस काय करतो? मध्ये उभा राहतो. एक जण म्हणतो विष आहे, दुसरा म्हणतो नाही, मग थोडं विष असेल. सत्य नेहमी मधोमध सापडतं असं मानणाऱ्याला फसवणं फार सोपं असतं. एका टोकाला जरा आणखी लांब ओढलं की त्याचा मध्य आपोआप सरकतो.

म्हणून मला नकाशांचं उदाहरण आवडतं. गोल पृथ्वी सपाट कागदावर काहीही न बिघडवता उतरवता येत नाही. गाउस या गणितज्ञानं १८२७ साली मांडलेल्या सिद्धांतातून हे गणितानंच सिद्ध होतं. म्हणजे प्रत्येक नकाशा एक दृष्टिकोन, आणि प्रत्येक सदोष. मर्केटरच्या १५६९च्या नकाशाच्या पद्धतीत ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे. मग तो नकाशा खोटा का? खलाशाला नाही. एकाच दिशेनं होकायंत्र धरून जायचं तर त्या नकाशावर सरळ रेघ ओढता येते, आणि ती रेघ जहाज बरोबर पोचवते. भूगोलाच्या वर्गात देशांचे आकार दाखवायला मात्र तोच नकाशा मुलांची पिढ्यानपिढ्या दिशाभूल करत आला. सगळे नकाशे सदोष आहेत यावरून सगळे सारखेच, असं कुठलाच खलाशी म्हणणार नाही. कुठला नकाशा कुठं किती ताणलेला आहे याचं गणित मांडता येतं. मतांचंही काही प्रमाणात मांडता येतं, मांडायची तयारी असली तर.

दोन जागांमधल्या फरकाचा याहून सुंदर उपयोग मला आकाशात सापडतो. एक डोळा मिटून बोट नाकासमोर धरा, मग दुसरा डोळा मिटा. बोट उडी मारतं. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं दिसतं. त्या दोन चित्रांची सरासरी काढली तर नुसता धूसर गोंधळ होईल. मेंदू सरासरी काढत नाही. तो फरक मोजतो, आणि त्या फरकातून खोली निघते, बोट किती लांब आहे ते कळतं. १८३८ साली फ्रीडरिख बेसेल या खगोलशास्त्रज्ञानं हेच ताऱ्याच्या बाबतीत केलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळं सहा महिन्यांनी आपण सुमारे ३० कोटी किलोमीटर दूर, पलीकडच्या टोकाला असतो. दोन्ही टोकांवरून पाहिलं तर जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या पुढं किंचित सरकलेला दिसतो. हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं ते सरकणं बेसेलनी मोजलं. त्यावरून निघणारा कोन एका विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग) जेमतेम तिसरा हिस्सा, पण त्यातून सूर्यापलीकडच्या ताऱ्याचं विश्वासार्ह अंतर माणसाला मिळालं. आजच्या मोजमापानं ते सुमारे ११ प्रकाशवर्षं आहे. एकाच जागी बसून, कितीही तीक्ष्ण दुर्बीण असली तरी, अशा रीतीनं ते मोजता आलं नसतं. आणि दोन जागांवरून दिसलेलं 'दोन्हीही बरोबर' म्हणून वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवलं असतं, तरीही नाही. कुठं उभं राहून पाहिलं आणि किती फरक पडला, ते दोन्ही आकडे लागतात.

समोरच्याशी वाद घालताना मी हल्ली एक प्रश्न विचारायचा प्रयत्न करतो: तू हे कुठून बघतोयस? तो टोमणा वाटू नये एवढी काळजी घ्यावी लागते, आणि दर वेळी जमत नाही. पण जमलं की माणूस आपलं मत सांगायचं थांबवून काहीतरी घडलेलं सांगू लागतो. आरक्षणावर तावातावानं बोलणारा आपली पहिली मुलाखत सांगतो. पोलिसांची बाजू घेणारा आपल्या भावाच्या रात्रपाळ्या सांगतो. त्यानं माझं मत बदलतंच असं नाही. कित्येकदा आधीपेक्षा ठामपणे विरोध करावासा वाटतो, कारण आता नेमका कशाला विरोध करायचा ते कळलेलं असतं. आपलं मत कुठून आलं हे सांगायची पाळी माझ्यावर येते तेव्हा मात्र माझी बोबडी वळते. माझी कितीतरी मतं कुठूनच आलेली नाहीत. ती नुसती आहेत, सपाट दारासारखी.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. त्या काळात त्या कार्यालयात मी एक अर्ज लिहून दिला होता की पुढच्या दाराला उतार आणि कठडा करावा. उत्तर आलं नाही. नंतर मीही पाठपुरावा केला नाही, कामं होती. पुन्हा तिथं जायचा प्रसंग आला तो साधारण दोन महिन्यांनी. काम उरकलं, बाहेर आलो, गाडीपाशी पोचलो, तेव्हा मागून पहारेकऱ्यानं हाक मारली.

"साहेब, पाय बरा झाला वाटतं. पुढच्या दारानं गेलात."

मी वळून पाहिलं. पायऱ्या तीनच होत्या. चढताना एकही जाणवली नव्हती.